‘घरी बसलेली’ मुलगी

‘‘अजून घरीच का गं?’’ नशिराबादच्या स्टॉपवर जळगावची बस धरताना सव्विसाव्या वर्षीही हा प्रश्न चुकत नाही. बरोबरीच्या कुणी लग्न होऊन सुरतला, कुणी नोकरीला पुण्याला. मी आईकडेच, अभ्यासिकेत ये-जा करणारी. पण मैत्रिणींनो, हिशेब तर मांडा! २०२३च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एका जागेमागे दोनशेहून जास्त जण. यात मागे राहिली ती आळशी कशी? २०२४मध्ये ‘लाडकी बहीण’ आली, महिना १,५०० रुपये. तिथेही एका कुटुंबातली एकच अविवाहित मुलगी पात्र. आम्ही दोघी! फॉर्म धाकटीचा भरला. माझ्या क्लासची फी अजून बाबाच भरतात, आणि लोकांच्या प्रश्नापेक्षा तेच जास्त टोचतं.