घोरणाऱ्याचे दात

आपल्याकडे घोरणारा माणूस सुखी समजला जातो. पडल्या पडल्या ज्याला झोप लागते, त्याच्या नशिबाचा इतरांना हेवा वाटतो. बँकेच्या नोकरीत या जिल्ह्यातील शाखांमध्ये मी बरीच वर्षे काढली. दुपारच्या जेवणानंतर टेबलावरच डुलक्या घेणारा एखादा कर्मचारी बहुतेक शाखांत असे आणि त्याचे ‘कुंभकर्ण’ हे नावही ठरलेले असे. तो आळशी आहे, यावर सर्वांचे एकमत. रात्री आठ तास अंथरुणावर काढूनही याला दिवसा झोप का येते, हा प्रश्न मात्र कोणाला पडत नसे.

त्या प्रश्नाला उत्तर आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. ती पूर्ण मिटते आणि श्वास दहा सेकंद, कधी त्याहून अधिक काळ थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो, मोठा घोरका येतो आणि पुन्हा तेच चक्र. असे तासाला तीसहून अधिक वेळा झाले, तर आजार तीव्र मानतात. सकाळी त्या माणसाला यातले काहीच आठवत नाही. रक्तदाब मात्र वाढत राहतो आणि हृदयावरचा ताणही. ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हे त्याचे नाव. २०२२च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा अनेकांनी ते प्रथमच ऐकले.

हा मूठभर धनिकांचा रोग नव्हे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले, ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष तीत होते. झोपेतील श्वासाचा बिघाड सुमारे १९.५ टक्क्यांमध्ये असावा आणि दिवसा झोप येण्याइतका त्रास ७.५ टक्क्यांना, असा तिचा निष्कर्ष होता. हे लोक स्वतःला निरोगी समजत होते!

आता दंतवैद्याचा येथे काय संबंध? संबंध खुर्चीचा आहे. घोरतो म्हणून डॉक्टरकडे जाणारा माणूस विरळा. पण दाढ ठणकली की भलाभला मुकाट्याने खुर्चीत आडवा होतो आणि आ वासतो. श्वासाची वाट त्या दिव्याच्या उजेडात समोरच असते. झिजून सपाट झालेल्या दाढा, जिभेच्या कडांवर उमटलेले दातांचे ठसे, उंच व अरुंद टाळू, मागे सरलेला खालचा जबडा, सुजलेले टॉन्सिल्स, सकाळी कोरडे पडणारे तोंड या सगळ्या खुणा आहेत. मूळचे भारतीय असलेले भूलतज्ज्ञ डॉ. मल्लमपाटी यांनी १९८५ मध्ये, जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ किती दिसते यावरून एक प्रतवारी सुचवली होती. ती भूल देताना नळी घालणे किती अवघड जाईल हे ताडण्यासाठी होती. आज या कामीही तिचा उपयोग होतो.

मुलांच्या बाबतीत तर हे अधिक मोलाचे आहे. पोर झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत, असे आपण सरसकट ठरवून टाकतो. तोंड उघडे टाकून झोपणारे, घोरणारे, वर्गात लक्ष न लागणारे मूल ‘ढ’ ठरते. त्याच्या वाढलेल्या टॉन्सिल्सकडे कोणी पाहतच नाही.

आणि मोठ्यांचे म्हणाल, तर आपला अहिल्यानगर जिल्हा साखर कारखान्यांचा. हंगामात उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. त्या चाकामागचा माणूस आधीच जागरणाने थकलेला. त्यात हा आजार असेल, तर त्याची एक डुलकी समोरून येणाऱ्यालाही भोवते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. रोखपालाला नोटेचा कागद संशयास्पद वाटला, की तो नोट बाजूला काढतो. खटला चालवत नाही. दंतवैद्याचे काम तेवढेच. झिजलेली दाढ हा पुरावा नव्हे. ती नुसत्या ताणानेही झिजते. निदान रात्रीच्या निद्रा-तपासणीनेच होते. तेव्हा त्याने दोन प्रश्न विचारावेत – घोरता का? दिवसा पेंग येते का? – आणि शंका आली तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये आपल्या सभासदांना असेच सांगितले आहे. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी पट्टी दंतवैद्य बनवू शकतो, सौम्य व मध्यम आजारात ती उपयोगी पडते. पण तपासणीआधी ती विकणे म्हणजे तारण न पाहता कर्ज देणे होय.

लोणी, संगमनेर आणि नगरजवळ वडगाव गुप्ता अशी तीन ठिकाणी या जिल्ह्यात दंत महाविद्यालये आहेत. मिश्री-तंबाखूपायी पडणारे पांढरे चट्टे शोधायला दंतवैद्य तोंडात पाहतोच. त्याने नजर दोन बोटे आणखी मागे न्यावी. शिबिराच्या कागदावर त्या दोन प्रश्नांची भर घालायला फारसा खर्च नाही. कारखान्यांनी हंगामाआधी चालकांसाठी असे एक शिबिर भरवले, तर ते कोणत्याही सत्कार समारंभापेक्षा स्वस्त पडेल.

तोवर वाचकांनी एवढे करावे : पुढच्या वेळी दाढ दाखवायला जाल, तेव्हा घरच्या माणसाला सोबत न्या. आपण घोरतो की नाही, याचा खरा साक्षीदार तोच असतो.