शिक्का नको, काम द्या!

नागपूरच्या महालातल्या आईबाबांनो, आणि गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंत, तिथून केळीबाग रस्त्याने तुळशीबागेपर्यंत ज्यांची दुकानं, छापखाने, दवाखाने, वकिली आणि हिशेबाची कार्यालयं आहेत अशा सगळ्या मंडळींनो, एक विनंती आहे. हिवाळी परीक्षा आटोपायच्या आत ऐकलीत तरच तिचा उपयोग.

नवं शैक्षणिक धोरण राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालं. त्या वर्षी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला गेलेली मुलं 2026-27 मध्ये तिसऱ्या वर्षाला आहेत. एप्रिल 2023 च्या शासन निर्णयातल्या आराखड्यात सहाव्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगला, मुलांच्या भाषेत ओजेटीला, 4 क्रेडिट ठेवले आहेत. एका क्रेडिटचे 30 तास धरले तर 120 तास होतात. रोज चार तास काम केलं तर महिनाभराची गोष्ट. म्हणजे या शहरातल्या हजारो मुलांना एकाच वेळी कुणाच्या तरी हाताखाली बसून खरं काम शिकायचं आहे. आजवर साध्या पदवीच्या बहुतेक मुलांना अशी सोय नव्हती. ती इंजिनिअरिंगवाल्यांची चैन होती.

आणि आपण काय करतोय? मी महालातच एका कर सल्लागाराच्या कार्यालयात बसतो. सत्र सुरू व्हायच्या आधीच ओळखीचे लोक येऊन जातात. चहा होतो, घरची विचारपूस होते, मग हळूच विषय निघतो. "भाऊ, पोट्ट्याचं ते ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागते म्हणे. तेवढा शिक्का मारून द्या ना बाप्पा. त्याला अभ्यास आहे, क्लास आहे, येणं काही जमणार नाही." मागणारा वाईट माणूस नसतो. पोरासाठी पायऱ्या झिजवणारा बाप असतो. पण त्या शिक्क्याने तो पोराच्या हातातले 120 तास काढून घेतो, आणि हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

वर्षभराने हाच मुलगा मुलाखतीला बसतो. समोरचा विचारतो, ट्रेनिंगला काय केलंस? शिक्क्याचं उत्तर तिथे चालत नाही. तोच बाप मग रोज जेवताना विचारतो, "काय झालं रे नोकरीचं?"

त्या 120 तासांत काय होऊ शकतं ते एका मुलावरून सांगतो. बी.कॉम.चा मुलगा, टॅलीचा कोर्स केलेला. त्याला एका साडी दुकानाच्या खरेदीच्या बिलांचा गठ्ठा दिला आणि जीएसटीआर-2बी मधल्या नोंदींशी जुळवायला सांगितलं. सगळी जुळली, एक मोठं बिल जुळेना. दुपारी त्याच्या लक्षात आलं की सुरतच्या व्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकाच्या 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांकाऐवजी दुसऱ्याच कुणाचा तरी क्रमांक टाकला आहे, म्हणून ते बिल भलत्याच्याच खात्यात दिसत असणार आणि इकडे कराची वजावट अडकणार. शाबास म्हटलं. आता त्याला फोन लाव. तिथे गाडी अडली. दिवसभर मोबाइल हातात असलेल्या पोराला अनोळखी माणसाला फोन करून, "शेठ, आपकी एंट्री गलत है" एवढं म्हणता येईना. आधी वहीत वाक्य लिहून काढलं, मग बोलला. पुढल्या आठवड्यापर्यंत तोच 11 तारखेच्या आणि 20 तारखेच्या रिटर्नची धांदल बघून स्वतःहून व्यापाऱ्यांच्या मागे लागायला शिकला. हे कोणत्या क्लासात शिकवतात?

आपल्याच चितारओळीत बघा. गणपतीच्या आधी काही महिने पोरगं माती मळतं, मग हातपाय बसवायला लागतं, डोळे आखायला मिळायला वर्षं जातात. तिथे कुणी बाप म्हणत नाही की मूर्तिकार झाल्याचा दाखला द्या, माती आम्ही मळणार नाही.

तेव्हा पालकांना सांगणं असं: ओळख जरूर वापरा, पण ती काम मिळवण्यासाठी वापरा. "शिक्का द्या" ऐवजी "याला महिनाभर बसू द्या, चुकला तर रागवा" असं म्हणा. आणि एकदा बसवलं की मागे उभे राहू नका. मालकाला रोज फोन करून पोराची चौकशी करणारे वडीलही मी पाहिलेत. त्यांच्या मुलाला कुणी मोठं समजत नाही.

तुमच्या ओळखीत त्याच्या विषयाचं काम नसेल, तर शेजाऱ्याच्या ओळखीत असेल. एखाद्या पाटणकरांच्या मुलीला प्रूफं तपासायला छापखाना हवा असतो, आणि छापखानेवाल्या काकांच्या मुलाला पॅथॉलॉजीची लॅब. देवाणघेवाण करा की! बी.एस्सी.च्या मुलांनी शहराचं भाग्यही ओळखावं. 1958 मध्ये सुरू झालेली नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथे आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथे आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे आहे. अशा ठिकाणी महाविद्यालयाचं पत्र घेऊन, वेळेत अर्ज करून विचारावं लागतं. फार तर नाही म्हणतील. पण अर्ज डिसेंबरात गेला तर विचार होतो. मार्चमध्ये सगळेच धावतात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टच बोलतो. "मिहान? तेवढ्या लांब कुठे जातेस, घराजवळचंच बघ," हे वाक्य घराघरात ऐकू येतं, आणि भावाला मात्र गाडीची किल्ली मिळते. मिहानसाठी चितारओळी किंवा अग्रसेन चौकात मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, खापरीला उतरायचं, पुढे फीडर बस नाहीतर ऑटो. काळजी वाटत असेल तर पहिल्या दिवशी आईने किंवा बाबांनी सोबत जाऊन रस्ता बघून यावा. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला जाऊ द्यावं.

जागा मिळवून देण्याखेरीज दुसरं काम फक्त मोठ्यांनाच जमणारं आहे: कागदपत्रं. आरक्षणातून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या, किंवा नागपुरातच मुख्यालय असलेल्या महाज्योतीसारख्या संस्थेच्या प्रशिक्षणाला अर्ज करणाऱ्या मुलांचं गाडं पुष्कळदा अभ्यासाआधी दाखल्यावरच अडतं. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. 1956 पर्यंत आपण आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होतो. जुन्या नोंदी बऱ्याचदा हिंदीत, आडनावं वेगळ्या तऱ्हेने लिहिलेली. आजोबा कोणत्या शाळेत होते, मूळ गाव कोणतं, चुलत घराण्यात कुणाची जात वैधता झाली आहे, हे वीस वर्षांच्या पोराला कुठून ठाऊक असणार? ते तुम्ही शोधायचं. हलबा-कोष्टी घरांना तर मी काय सांगावं. त्यांचा जमातीचा दावा नाकारणाऱ्या 2000 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कागदाचं मोल काय असतं ते त्यांच्याइतकं इथे कुणाला माहीत नाही. नॉन-क्रीमीलेअरची मुदत कधी संपते तेही कॅलेंडरवर लिहून ठेवा. जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्राकडे धावलं की वेळ हमखास निघून जाते.

आता दुकानदार, वकील, सनदी लेखापाल, डॉक्टर मंडळींकडे वळतो. लग्नसराईत गिऱ्हाइकं सांभाळायला फुकटचं पोरगं मिळालं, असा हिशेब मांडू नका. महिनाभर साड्यांच्या घड्या घालायला लावलं तर ते काम झालं, पण शिकणं झालं नाही. घड्याही घालू द्या, सोबत साठ्याची नोंद कशी होते, भाव कसा ठरतो, उधारी कशी वसूल होते तेही दाखवा. जाण्यायेण्याचा खर्च द्या. चूक झाली तर चारचौघांत पाणउतारा करू नका. आणि कोणी नुसता शिक्का मागायला आला, मग तो सख्खा साडू का असेना, तर नाही म्हणा. एकट्याने नाही म्हटलं तर तो शेजारच्या दुकानात जाईल. सगळ्यांनी म्हटलं तर पोरगं कामाला येईल.

या आठवड्यात एवढं करा. दुकानाच्या किंवा कार्यालयाच्या दारावर कागद लावा: "पदवीच्या एका विद्यार्थ्याला 120 तास काम शिकवू. काम काय, वेळ कोणती, भेटायचं कुणाला." तोच मजकूर जवळच्या महाविद्यालयात प्रशिक्षणाचं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना देऊन या. आणि घरी मूल तिसऱ्या वर्षाला असेल तर आज रात्री त्याला विचारा, तुझ्या ट्रेनिंगची जागा ठरली का? नसेल ठरली, तर उद्या त्याला सोबत घेऊन बाहेर पडा. पण दुकानात शिरल्यावर बोलू त्यालाच द्या.