मंडईच्या जिन्यावरून पुढे

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि पुण्याच्या पेठा मेट्रोच्या नकाशावर आल्या. खरा प्रश्न मात्र मंडई स्थानकाच्या जिन्यावरून वर आल्यावर सुरू होतो. हातात भाजीची पिशवी आहे, सोबत गुडघे दुखणारी आई आहे आणि घर आहे नाना पेठेत. आता पुढे काय? याचं एक उत्तर पुणे महानगर परिवहन महामंडळाने २०२१ मध्ये दिलंच होतं. ‘पुण्यदशम’च्या छोट्या बसगाड्या गल्लीबोळांतून फिरत आणि दहा रुपयांच्या तिकिटात पेठांतून दिवसभर कितीही प्रवास करता येई. मला ती या शहरातली अलीकडची सर्वांत शहाणी कल्पना वाटते. दुसरं उत्तर होतं सायकलींचं, आणि त्यांचं काय झालं, ते आपण पाहिलंच. २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलवर कोड स्कॅन केला, की मागच्या चाकाचं कुलूप खटकन उघडायचं, आणि विद्यापीठातली मुलं टांग मारून निघायची. पुढे कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या; सायकल चालवायला सलग, मोकळा रस्ताही नव्हता. होत्या त्या मार्गिकांत दुचाक्या उभ्या! बसचा तोटा आपण सार्वजनिक खर्च म्हणून सोसतो, मग सायकलींकडूनच नफ्याची अपेक्षा का? महापालिकेने त्या स्वतः चालवाव्यात, आणि सुरुवात मंडई व कसबा पेठ स्थानकांच्या दारातून करावी.