खाणीचा अर्ज आणि गावाचा शब्द

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्याचे काम आम्हां शिक्षकांच्या वाट्यास दरवर्षी येते. एका बैठकीत थोड्याच पत्रिका घेतल्या तर प्रत्येक विद्यार्थ्यास न्याय मिळतो. साराच गठ्ठा संपवू म्हटले, तर शेवटच्या काही मुलांवर अन्याय झाल्यावाचून राहत नाही. ज्या कागदावर एका मुलाचे एक वर्ष अवलंबून असते, त्याविषयी इतकी काळजी घ्यावी लागते. मग ज्या कागदावर एका गावाचा डोंगर, झरे आणि शेते अवलंबून असतात, तो खाणीचा अर्ज किती काळजीने तपासला जावयास हवा!

उघडी खाण चांद्याच्या कोळशाची असो वा आमच्या गोमंतकातील लोहखनिजाची, तिची रीत एकच. आधी झाडे जातात, मग वरची माती जाते आणि मग खाली दडलेले खनिज हाती लागते. टाकाऊ मातीचे ढीग खनिजाहूनही मोठे होतात. पावसाळ्यात ती माती ओहोळांतून वाहत शेतांत उतरते. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला म्हणजे त्यातील पाणी उपसावे लागते, आणि आसपासच्या विहिरी आटू लागतात. एकदा गेलेला डोंगर कोणत्याही हुकुमाने परत येत नाही. म्हणूनच तपासणी खोदण्यापूर्वी व्हावयास हवी. नाही तर बैल गेला नि झोपा केला, अशी गत व्हायची.

कायद्याने ही तपासणी सांगितलेली आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीच्या अर्जासोबत पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. त्याचा सारांश लोकांच्या भाषेत उपलब्ध करावा लागतो. किमान तीस दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी भरवावी लागते, आणि तेथे जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. मात्र ह्या सभेस गणसंख्येचे बंधन नाही. गाव आला नाही, तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. ही गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी.

सांगे तालुक्यातील रिवण गावचे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. तेथील लोहखनिजाच्या एका खाणीस मिळालेल्या परवानगीविरुद्ध गावातील एका संस्थेने दाद मागितली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २६ नोव्हेंबर २००९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने बजावले की, सुनावणीपूर्वी तीस दिवस संपूर्ण अहवाल लोकांस पाहावयास मिळाला पाहिजे. लोकांचे आक्षेप मान्य वा अमान्य का केले, याची कारणे तज्ज्ञ समितीने लिहिली पाहिजेत. आणि समितीने एका दिवसात पाचांहून अधिक अर्ज हाती घेऊ नयेत. खाण कंपन्यांशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीने अशा समितीचे अध्यक्षपद भूषविणे योग्य नव्हे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. ह्यांतील कोणती गोष्ट सामान्य माणसास कळण्याजोगी नाही? एका खेड्याच्या तक्रारीतून साऱ्या देशास उपयोगी पडणारे नियम पुढे आले, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

काही मंडळी म्हणतील की, अशा बारकाव्यांनी उद्योग अडतो आणि गरिबांचा रोजगार बुडतो. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. खाणींवर, ट्रकांवर आणि बार्जांवर पोट असलेली कुटुंबे आमच्याही शेजारी राहतात. परंतु त्यांच्यावर संकट आले ते कशाने? २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी बंद पडल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते. पुढे नूतनीकरण झालेले ८८ पट्टे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने रद्द केले, आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. ट्रकांचे हप्ते चुकले ते नियम पाळल्यामुळे नव्हे, तर वेळीच न पाळल्यामुळे. घाईच्या परवानगीची किंमत शेतकऱ्याने आधी दिली आणि कामगाराने नंतर. दोघांचेही हित कसोशीच्या तपासणीतच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, आणि त्यामागून जनसुनावण्याही पुन्हा भरू लागल्या. अशा वेळी शिकलेल्या मुलांचे काही कर्तव्य आहे. आमच्या घरांत कोंकणी बोलली जाते, शाळेत आम्ही मराठी वाचतो, आणि जाड अहवाल तर इंग्रजीत असतात. आजोबांस कुळागराचा प्रत्येक झरा ठाऊक असतो, परंतु अहवालात तो झरा नोंदला आहे की नाही, हे त्यांस वाचता येत नाही. विद्यार्थिमित्रांनो, ते तुम्हांस वाचता येईल! नकाशा उघडा, आजोबांस शेजारी बसवा आणि विचारा, 'हांगा न्हंय दाखयल्या, ती खरीच हांगा आसा?' चूक आढळली तर ती सभेत सांगण्यास वडीलधाऱ्यांस मदत करा. खाण व्हावी की न व्हावी, याविषयी गावात दोन मते असू शकतील. परंतु अर्ज खरा असावा आणि तो नीट वाचला जावा, याविषयी दोन मते असू नयेत.