बुधवारी आम्हाला शाळेत येऊ द्या



आमच्या शाळेचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि शनिवारी दुपारी संपतो. पण आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचा आठवडा पाचच दिवसांचा असतो. कारण बुधवारी बाजार. मोठी माणसे बाजाराला जातात आणि मुलांना घरी ठेवतात. कुणी शेळ्या राखायच्या, कुणी धाकट्या भावाला सांभाळायचे, कुणी भाजीच्या पाटीजवळ बसायचे. माझे मत असे आहे की हे बंद झाले पाहिजे.

गुरुजी रोज फळ्याच्या कोपऱ्यात पट व हजेरी लिहितात. आमचा पट २३ आहे. मागच्या सोमवारी २२ हजर होते. बुधवारी १५ च होते. आठ गैरहजर, त्यांत सहा मुली.

घरी म्हणतात, "एका दिसानं काय होतंय?" काय होते ते मी सांगते.

सोमवारी आम्ही तीन वाट्यांत मटकी ठेवली. एकीत कोरडी, एकीत ओल्या फडक्यात बांधलेली, एकीत पाण्यात बुडवलेली. बुधवारी वाट्या पाहिल्या. कोरडी मटकी तशीच होती. फडक्यातल्या मटकीला छान मोड आले होते. बुडालेल्या मटकीला मात्र वास येत होता. गुरुजी म्हणाले, "पाणी तर दोघींना मिळाले, मग असे का?" पुष्कळ वेळ विचार केला, तेव्हा आम्हालाच सापडले की बियांना हवाही लागते. बाजाराला गेलेल्यांनी गुरुवारी ते उत्तर वहीत उतरून घेतले. त्यांना उत्तर मिळाले, पण शोधायला नाही मिळाले.

इतिहासाचेही तसेच. मंगळवारी प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियाना उभा राहिला, अफजलखान येऊन बसला आणि घंटा झाली. भेट बुधवारी झाली. तो दिवस होता १० नोव्हेंबर १६५९. गुरुवारी आम्ही १६६० सालच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात होतो. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, पण त्या खानाचं काय झालं?" सगळे हसले. मला हसू आले नाही. ती बुधवारी शेळ्यांमागे होती.

आता हिशेब पाहा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात लिहिले आहे की पहिली ते पाचवीची शाळा वर्षात निदान २०० दिवस भरावी. आठवड्याचे दिवस ६. २०० ला ६ ने भागले तर भागाकार ३३ येतो, बाकी २. म्हणजे दर बुधवारी घरी राहणाऱ्या मुलाचे वर्षात ३३ दिवस बुडतात. पहिली ते चौथी, चार वर्षांचे १३२ दिवस झाले. अर्ध्या वर्षाहून जास्त शाळा बाजारात गेली!

काही पालक म्हणतात की बाजारातही शिकायला मिळते. ते खरे आहे. वजनमाप कळते, सुट्या पैशांचा हिशेब येतो. मलाही बाजार आवडतो, भेळ मिळते. पण दिवाळीच्या सुट्टीत बुधवार येतात, उन्हाळ्याच्या सुट्टीतही येतात. तेव्हा आम्हाला खुशाल न्या. आम्ही पिशव्यासुद्धा उचलू.

मग शेळ्या कुणी राखायच्या? विहिरीच्या पाण्याची जशी पाळी लावतात तशी तीन-चार घरांनी पाळी लावावी. एका बुधवारी एका घरच्या मोठ्या माणसाने सगळ्यांच्या शेळ्या राखाव्या. तीन ते सहा वर्षांच्या भावंडांना अंगणवाडीत पाठवावे. आणि आमची शाळा पाचला सुटते. बाजार दिवे लागेपर्यंत असतो. शाळा सुटल्यावर सांगितलेले काम आम्ही करू.

३ जानेवारीला आपल्या शाळेत सावित्रीबाई फुले यांची जयंती होते. १८४८ साली पुण्यात जोतिरावांनी व त्यांनी मुलींची शाळा काढली. लोकांनी त्रास दिला तरी त्या शिकवायला जात राहिल्या. आता आमच्या वाटेत कुणी उभे राहत नाही. तरी बुधवारी मुलींचे बाक रिकामे असतात. फोटोला हार घालायचा आणि मुलीला शेळ्यांमागे धाडायचे, हे काही जुळत नाही.

आईबाबा, काकू, मामा, तुम्ही हे भित्तिपत्रक वाचत असाल तर घरी जाऊन एवढे बोला. येत्या बुधवारी फळ्यावर 'पट २३, हजर २३' असे लिहायची पाळी माझी आहे. मला ते लिहायचे आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी