जंगलातल्या जिल्ह्यांत डॉक्टर पोचले, वकील कधी पोचणार?

मोहरममध्ये दोन दिवस चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाचा मोठा दरवाजा सर्वांसाठी उघडतो. आत गैबीशाह वली बाबांचा दर्गा आहे. लांबलांबून माणसं येतात, सगळ्या धर्मांची येतात, रांगेत उभी राहतात, जियारत करून बाहेर पडतात. याच तुरुंगासमोर २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. म्हणजे या भिंतीशी मुसलमानाचंही नातं आहे आणि गोंड आदिवासीचंही. दोन दिवसांनी दरवाजा बंद होतो. जियारतीला आलेले आपापल्या गावी जातात. आत राहतात ते कच्चे कैदी, ज्यांच्यावर अजून गुन्हा शाबीत झालेला नाही.

या कच्च्या कैद्यांमध्ये कोण असतं, हे देशपातळीवर आपल्याला माहीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या आकडेवारीत कच्च्या कैद्यांपैकी १८.७ टक्के मुस्लिम आणि १०.५ टक्के आदिवासी होते. २०११ च्या जनगणनेत आपलं प्रमाण १४.२ टक्के, आदिवासींचं ८.६ टक्के. दोघंही वाट्यापेक्षा जास्त आत आहेत. आणि दोघांचंही कारण बऱ्याच वेळा एकच असतं: वेळेवर वकील मिळाला नाही, किंवा जामीन मिळाला पण जामीनदार मिळाला नाही.

खरं सांगायचं तर कायदा कमी पडत नाही. घटनेचं कलम ३९-अ १९७६ मध्ये आलं, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील कोणाला मिळतो? अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही बाईला, लहान मुलाला, अपंगाला, औद्योगिक कामगाराला, दंगल किंवा पुराच्या पीडिताला, आणि कोठडीत असलेल्या कोणालाही. यात उत्पन्नाची अट नाही. आपल्या घरात हे नीट समजून घ्यायला हवं. ‘अल्पसंख्याक’ असा वेगळा गट त्या यादीत नाही, पण म्हणून आपण त्यातून बाहेर नाही. घरातली आई, बहीण, पोलिसांनी उचललेला मुलगा, यांचा उत्पन्नाचा दाखला कोणी मागू शकत नाही. तो लागतो तो फक्त बाकीच्यांना.

वकील मागण्याचा हा हक्क ज्या खटल्यातून ठळक झाला, त्याचं नावच एका मुस्लिम बाईचं आहे. १९७९ चा हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य. वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आरोपी त्यांचे नातेवाईक नव्हते, त्यांच्या समाजाचेही नव्हते.

आता आपल्या जंगलातल्या जिल्ह्यांकडे या. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास. तारखेला यायचं म्हणजे एक दिवस जायला, एक यायला, दोन दिवसांची मजुरी गेली. उच्च न्यायालयाचं खंडपीठ त्याही पुढे नागपुरात. या भागात डॉक्टरांनी आयुष्य वाहिलं, ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट. हेमलकसा १९७३ पासून आहे, बंग दाम्पत्याचं ‘सर्च’ ऐंशीच्या दशकापासून. दरवर्षी एमबीबीएस झालेली पोरं तिकडे जाऊन काम करतात. वकिलांसाठी अशी वाट कोणी पाडली नाही. गंमत अशी की बाबा आमटे स्वतः मुळात वकील, वरोऱ्यात वकिली करत होते! पण त्यांच्या मागून जाणाऱ्यांत काळा कोट घातलेले फार दिसत नाहीत.

वकील नसला की काय होतं, याचं देशाला हलवून टाकणारं उदाहरण याच भागातलं आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. (खटला तिच्या नावाने ओळखला जातो, इथे ते नाव घ्यायची गरज नाही.) १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. तिथे सगळं संपलं असतं. पण एका वर्षाने, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुणे विद्यापीठातल्या वसुधा धागमवार. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या चौघांना कोणी फी दिली नव्हती. मात्र त्या मुलीच्या हाती त्यातून काही लागलं नाही, हेही विसरून चालणार नाही. कायदा सुधारला तो तिच्या नंतरच्या बायकांसाठी.

आज एखाद्या तरुण वकिलाला, आपल्या समाजातल्या एलएलबी झालेल्या मुलीला, या भागात काय करता येईल? फौजदारी बाजूला २०२२ पासून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची पद्धत आली आहे. त्यांना खाजगी वकिली करता येत नाही, पगार ठरलेला असतो. दिवाणी, कौटुंबिक, वारसाहक्काची कामं मात्र पॅनेलवरच्या वकिलांकडेच असतात. मेहर, खुला, पोटगी, भावांनी बहिणीचा हिस्सा दाबणं, ही आपल्या घरातली प्रकरणं तिथेच येतात. केंद्र सरकारच्या ‘न्यायबंधू’ योजनेत फी न घेता काम करणाऱ्या वकिलांची नोंदणी होते. आणि वकील नसलेल्यांसाठीही जागा आहे: विधी स्वयंसेवक. शिक्षिका, निवृत्त तलाठी, मशिदीच्या कमिटीतला शिकलेला तरुण, कोणीही अर्ज करू शकतो. मदत हवी असेल तर फोन नंबर १५१००.

सगळ्यात गरजेचं आणि सगळ्यात सोपं काम तुरुंगातलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. एकाहून जास्त खटले असतील तर हा फायदा नाही. दुसरं, ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे. पण यादी करून, तारखा मोजून, अर्ज टाकून मागे लागणारं माणूस लागतं. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल असं हे काम आहे.

गुरांच्या गाडीवरचे ड्रायव्हर-क्लीनर हा आपला वेगळा विषय. तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पकडले जातात ते बहुतेक वेळा आपलेच, नाहीतर गरीब दलित-आदिवासी मजूर. २०१५ च्या गोवंश कायद्यातलं ‘निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करावं’ हे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केलं, हे किती जणांना ठाऊक आहे?

शाळेची बाजूही तितकीच महत्त्वाची. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी भाषेतून शिकवणारी स्वतःची शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने ती विनापरवाना ठरवून बंद करायची नोटीस काढली, ग्रामसभा नागपूर खंडपीठात गेली. मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं सांगणारं घटनेचं कलम ३५०-अ उर्दू शाळेचाही आधार आहे. मोहगावचा मुद्दा टिकला तर त्याचा फायदा आपल्यालाही होणार, आणि तिथे उर्दू माध्यमाचा अनुभव असलेल्या वकिलाची मदत त्यांनाही होईल. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचंही तसंच. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना त्यातून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या, मेमध्ये स्थगिती मिळाली, १९ जुलैला उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. सहा महिन्यांत निकाल! वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या आपल्या घरांतली मुलंही या जागांना पात्र आहेत. फॉर्म भरताना मात्र दाखल्यावर अडतं.

आणि जमीन. चामोर्शी, आलापल्ली, सिरोंचा, मूल, राजुरा भागात पिढ्यान् पिढ्या राहणारी मुस्लिम घरं आहेत. कोणी आठवडी बाजारात कपडा विकतं, कोणी गॅरेज चालवतं, कोणी थोडी शेती करतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात आपण ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. कागद नाही म्हणून लोक दावाच करत नाहीत. नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. पण तो कायद्याला धरून लिहायला हवा, आणि दावा फेटाळला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे जायला हवं. त्यात २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच मानली आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी रीतसर दिलेल्या जमिनी नियमित करायला राज्याला केंद्राची मंजुरी घ्यायची आहे. कित्येक गावांतली घरं, शाळा अशा नोंदीच्या जमिनीवर उभी आहेत. आपलं कब्रस्तान कोणत्या नोंदीत आहे, हे जमातीने सातबारा काढून बघितलं आहे का?

वकिलाची किंमत आपल्याला कळत नाही असं नाही. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्याच्या ऑफिसात मारले गेलेले ॲड. शाहिद आझमी आठवा. जमियतच्या कायदेशीर मदतीने लढलेल्या रेल्वे स्फोट खटल्यात २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. (सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत त्या निकालाचा दाखला म्हणून वापर थांबवला, सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.) पण ही मदत मोठ्या खटल्यांना मिळते. जिल्ह्याच्या गावातल्या किरकोळ खटल्यांना कोणी विचारत नाही.

धोका नाही असंही सांगणार नाही. गडचिरोलीतल्या आदिवासींचे खटले लढवणारे नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग जून २०१८ मध्ये अटक झाले आणि वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. साईबाबा खटल्यात खंडपीठाने ५ मार्च २०२४ ला सर्वांना निर्दोष सोडलं, तेव्हा त्यातला गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे हयात नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच त्याचा इंतकाल झाला होता. अशा भागात एकट्यादुकट्या वकिलाने जाण्यापेक्षा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून, सरकारी पत्र हातात घेऊन जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. भामरागडकडचे ॲड. लालसू नोगोटी, मूलच्या ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्यासारखे तिथे राहून काम करणारे लोक आहेत. आधी त्यांच्याकडून शिकावं.

पैशाचा प्रश्न उरतो. नव्या वकिलाला दोन वर्षं घरून पोसावं लागतं, आणि आपली बरीच घरं ते करू शकत नाहीत. रमजानमध्ये चंद्रपूर-बल्लारपूरच्या जमातींकडे मदतीचा पैसा येतो. तालुक्याला एका होतकरू वकिलाचा प्रवासखर्च आणि खोलीभाडं, एवढंच एक वर्ष करून बघता येईल का? कर्जात किंवा कैदेत अडकलेल्यांवर जकात लागू होते की नाही हे आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा, पण इमदाद आणि सदक्याला तर कोणाची हरकत नसावी. आणि त्या वकिलाच्या टेबलासमोरच्या बाकावर पहिल्या दिवशी एखादी माडिया बाई येऊन बसली, तर तिला आधी घ्यायचं, नंबर तिचा आहे.