कार्नेशनच्या फुलांआधीचे रक्त

दरवर्षी २५ एप्रिलला लिस्बनच्या हमरस्त्यावर माणसांचा पूर लोटतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत हातात किंवा छातीवर तांबडे कार्नेशन. १९७४ साली याच दिवशी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी रणगाडे शहरात आणले आणि पोर्तुगालमध्ये जवळपास अर्धशतक ठाण मांडून बसलेली हुकूमशाही संध्याकाळपर्यंत कोसळली. सेलेश्त कायरू ही उपाहारगृहात राबणारी बाई. त्या दिवशी उपाहारगृह उघडलेच नाही, म्हणून त्याच्या वर्धापनदिनासाठी आणलेली कार्नेशनची फुले घेऊन ती घरी निघाली होती. वाटेत एका सैनिकाने सिगारेट मागितली. ती नव्हती, तेव्हा तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले.

परदेशी पाहुण्यांच्या मनात हेच चित्र ठसले आहे: रक्त न सांडता आलेली लोकशाही. लिस्बनकर मात्र त्या दिवशी गुप्त पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेले चौघे विसरत नाहीत. आणि पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत, लुआंडा, मापुतो, बिसाऊ इथे तर रक्त सांडले नाही असे कोण म्हणेल? अंगोलात १९६१ साली पेटलेले स्वातंत्र्ययुद्ध गिनी आणि मोझांबिकमध्येही पसरले होते. कधीच जिंकता येणार नाही अशा त्या युद्धाला विटलेले अधिकारीच उठावात पुढे होते. गिनी-बिसाऊने तर सप्टेंबर १९७३मध्येच स्वातंत्र्य जाहीर केले होते. किंमत आधी आफ्रिकेने मोजली, लोकशाही लिस्बनला नंतर लाभली. हा क्रम विसरून केलेला उत्सव अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपलाही या दिवसाशी संबंध आहे. गोवा १९६१ साली पोर्तुगालच्या सत्तेतून मुक्त झाला, पण तिथला हुकूमशहा सालाझार याने ते अखेरपर्यंत मानले नाही. गोवामुक्तीसाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे गोवामुक्तीनंतरही सात वर्षे पोर्तुगालच्या कैदेत, लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात होते. सुटले ते १९६९च्या जानेवारीत. त्या किल्ल्यातले उरलेले राजकीय कैदी क्रांतीनंतर दोन दिवसांत बाहेर आले. वर्ष सरता सरता, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार नवी दिल्लीत झाला. त्यावर सह्या होत्या दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या, मारियू सुआरेश आणि यशवंतराव चव्हाण यांच्या.

खुद्द पोर्तुगालमध्येही हा दिवस सर्वांना सारखाच प्रिय नाही. वसाहतींतून सर्वस्व सोडून परतलेल्या लाखोंच्या घरांत त्याची आठवण कडवट आहे. क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, २०२४ साली, अतिउजव्या शेगा पक्षाचे ५० सदस्य संसदेत निवडून आले. अशा वेळी हा इतिहास पुरता सांगणे अधिकच निकडीचे आहे. लिस्बनच्या सोहळ्यात आफ्रिकेतल्या लढवय्यांबरोबर काशियशमधल्या या मराठी कैद्याचेही नाव घेतले जावे, आणि गोव्याच्या शाळांत २५ एप्रिल शिकवला जावा.